बरं असलेले चौदा पेशंट

डॉ. देवानंद साळवे यांचे चौदाच्या चौदा पेशंट एकदम मजेत होते आणि त्यामुळेच डॉक्टरांची झोप उडाली होती.

साळवे मूळचे जाफराबाद तालुक्यातले. वडील शाळामास्तर. एक्क्याऐंशी साली देवानंद दहावीला शाळेत पहिले आले, तर मास्तरांनी पेढे आणण्याआधी विचारलं, "गणितातले चार मार्क कुठं गेले?" पुढे देवानंद औरंगाबादला डॉक्टर झाले, मुंबईला कॅन्सरचं शिकले आणि तिथली चांगली खुर्ची सोडून जालन्याच्या एका दवाखान्यात येऊन बसले. लोक कारण विचारत. ते म्हणत, आमच्याकडची माणसं पोट दुखलं की ओवा खाऊन वर्ष काढतात, त्यांच्याशी भांडायला त्यांच्यातलाच माणूस पाहिजे.

दोन हजार दोन साली मुंबईच्या एका कंपनीच्या, जठराच्या कॅन्सरवरच्या नव्या गोळ्यांची चाचणी त्यांच्याकडे आली. सगळं समजावून, सह्या-अंगठे घेऊन चौदा पेशंट दवाखान्यातच ठेवून घेतले. प्रत्येकाला एक वही दिली. किती जेवलात, उलटी झाली का, तोंड आलं का, ते रोज लिहायचं किंवा सोबतच्या घरच्यांकडून लिहून घ्यायचं. औषध सोसलं तर पुढच्या खेपेला दोनाच्या तीन गोळ्या करायच्या. नाही सोसलं तर कमी करायच्या. सगळा खेळ त्या वहीवर होता.

वह्या आल्या. चौदाही वह्यांत पानोपान एकच मजकूर, 'बरं हाय'. एकाने तर पुढचा आठवडाही आधीच लिहून टाकला होता.

त्यात कुंभार पिंपळगावच्या सगुणाबाईंची वही सगळ्यांत सुरेख होती, नातीकडून लाल शाईने रेघा मारून घेतलेली. वजनही दोन किलोंनी वाढलेलं. गाल मात्र पार आत गेलेले. सोमवारी त्यांच्या तीन गोळ्या व्हायच्या होत्या. बाई खरंच ठणठणीत असल्या तर ठीक, नाहीतर ती तिसरी गोळी त्यांना आडवं करणार होती. शुक्रवारी डॉक्टरांनी त्यांना समोर बसवलं.

"मावशी, मळमळतं का?"

"न्हाई."

"उलटी?"

"छ्या! बिलकुल न्हाई."

"जेवण?"

"दोन टाइम, बराबर," असं म्हणून बाईंनी तोंडाला पदर लावला, घाईने बाहेर गेल्या आणि पाच मिनिटांनी तोंड धुऊन हसत परत आल्या.

डॉक्टर त्या दिवशी चिडले. नर्स कांताबाईंवर चिडले, वहीवर चिडले, मुंबईच्या कंपनीवरही चिडले. मग चहा घेताना त्यांना आपला मुलूख आठवला. भोकरदनच्या स्टँडवर कुणालाही कसं चाललंय विचारा, 'बरं हाय' यापलीकडे शब्द मिळायचा नाही. त्यालाच त्याच्या शेजाऱ्याचं विचारा, मग तुमची एसटी चुकलीच समजा.

त्यांनी कारभारी तांगडेला आत बोलावलं. हा सगुणाबाईंच्या शेजारच्या खाटेवरचा पेशंट. आता डॉक्टर करणार होते ते मुंबईच्या नियमात बसणारं नव्हतं. पण मुंबईला कारभारी कुठे माहीत होता?

"तुमचं नाही विचारत हो. त्या सगुणाबाईंचं आपलं सहज."

"मी काय सांगणार साहेब? दुसऱ्याच्या भानगडीत आपुन पडत न्हाई." कारभारीने खुर्ची पुढे ओढली. "सकाळपासून चार डाव ओकली. जेवण कशाचं, डबा मलाच देती. रात्रभर पोट धरून बसून राह्यली. आन् वजनाचं म्हणता तर, गेटावरच्या भाजीवालीकडून दोन किलोचं लोखंडी माप आणती आन् कमरेला बांधती. मी कुणाला बोललो न्हाई."

डॉक्टरांना हसावं की डोकं आपटावं ते कळेना. त्यांनी कारभारीला बाहेर पाठवलं आणि बाईंना आत घेतलं.

"मावशी, कारभारी कसे आहेत?"

"त्यो? मेल्याच्या तोंडात बोट ठेवायला जागा न्हाई, इतकं तोंड आलंय! हातापायाची सालपटं निघून राह्यली. तुमच्यापुढं छाती काढून चालतो, बाहेर गेला की भिंत धरतो." मग त्या थबकल्या. "त्यानं माझं सांगितलं का?"

"कमरेचं माप काढून ठेवा आधी."

लोखंड टेबलावर ठण्णकन वाजलं. डॉक्टरांनी ते उचलून बाजूला सरकवलं. मग विचारलं, "का?"

"मागल्या महिन्यात त्यो मुंबईचा टायवाला आल्ता. तुमाला समोर बसवून कागद दाखवीत बोलत व्हता. तुमी खाली मान घालून ऐकत व्हते. मी खिडकीतून पाह्यलं. मंग मीच सगळ्यांला म्हणलं, आपल्या माणसाचं नाव खराब व्हईल, कुणी तक्रार करायची न्हाई."

तो टायवाला कागदांवर दोन तारखा टाकायच्या राहिल्या म्हणून बोलत होता. तेवढ्यासाठी ही बाई पंधरा दिवस आतडी पिळवटत हसत होती. डॉक्टरांना तिचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त माया आली.

"मावशी, तुमचं हे खोटं 'बरं' मी लिहून पाठवलं, तर उद्या याच मापाने ही गोळी कुठल्यातरी दुसऱ्या सगुणाबाईला देतील. तिला सोसलं नाही, तर तिचा जीव जाईल. माझं नाव राहून काय करायचंय?"

बाईंनी पदर बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

"आन् तुमची नौकरी?"

"गेली तर जाफराबादला दवाखाना टाकीन. लिहू का?"

"लिवा," बाई म्हणाल्या आणि सुरू झाल्या. मळमळ, उलट्या, जुलाब, पायाची आग, तोंडाला कडू चव, उभं राहिलं की अंधारी. डॉक्टर लिहीत होते आणि खुशीत विचारत होते, "अजून?" कांताबाई दारातून डोकावल्या आणि डॉक्टरांचे ओले डोळे पाहून आल्या पावली परतल्या.

सोमवारी गोळ्या वाढल्या नाहीत, दोनाची एक झाली. इतर बारा जणांनाही डॉक्टरांनी एकमेकांबद्दल विचारलं, आणि वह्या पुरेनात. तिसऱ्या आठवड्यात सगुणाबाईंनी अर्धी भाकर दुधात कुस्करून खाल्ली आणि ती पोटात राहिली. त्या ताट हातात धरून किती वेळ रडल्या. डॉक्टरांना मात्र त्यांनी एवढंच सांगितलं, "बरं हाय." बाकीचं कारभारीने सांगितलं.