अस्वलाचे हात

परवा बिंदू चौकात मिरवणुकीआधी वाजवणारे रद्दी पेटवून हलगी शेकत होते, आणि तापल्या कातड्याच्या वासाबरोबर मला वडील आठवले. नव्वदच्या दशकात मी मुलांच्या एका मासिकासाठी चित्रं काढायचे. त्या महिन्यात जंगलातल्या लग्नाची वरात होती. हत्ती सनई फुंकत होता, अस्वल हलगी बडवत होतं. संध्याकाळी शाळेत शिकवून आलेले वडील मागं येऊन उभे राहिले, तशी मी चित्रावर हात ठेवला. आम्ही बौद्ध झालो तेव्हा आजोबांनी गावकीची हलगी चुलीत घातली होती, आणि त्यांच्याकडूनच वाजवायला शिकलेल्या वडिलांनी पुढं घरात तिचं नावही काढू दिलं नव्हतं. त्यांनी माझा हात बाजूला केला. "काड्या उलट्या दिल्यास की गं अस्वलाला. लांब काडी डाव्या हातात असती." मग आतून परात आणून त्यांनी डाव्या काखेशी धरली, एका हातात माझी फूटपट्टी, दुसऱ्यात जाड ब्रश घेतला आणि वाजवायलाच लागले. आई पिठाच्या हातांनी दारात येऊन थांबली. "काढ लवकर," ते म्हणाले, "परत न्हाय वाजवणार." मी भराभर बोटं काढली, मनगटं काढली. अस्वलाचे हात अगदी बरोबर उतरले. वडिलांनी शब्द पाळला. परवा हलगी वाजू लागली तेव्हा त्यांचा ठेका सापडेल म्हणून मी शेवटपर्यंत उभी राहिले; पण तो वाजला असता तरी मला ओळखता आला नसता, कारण त्या संध्याकाळी मी नुसती बघत होते.