लवंगांचा डबा आणि कोरी चकती

रावेरच्या माझ्या मामांना गावात सगळे नाना म्हणतात. नानांनी केळीच्या बांधावर गवती चहा लावला आणि त्याचं तेल काढायला भट्टी बसवली. भट्टी पेटली की वास सातपुडा ओलांडायचा आणि पलीकडची माणसं उगीचच चहाचं आधण ठेवायची, असं मी जळगावच्या कॉलेजात सांगत असे. कोणी खोटं ठरवलं नाही.

नानांचं म्हणणं, केळीच्या फणीला कापलेल्या जागी जी काळी बुरशी लागते ती या तेलाने मरते. "तसं निघालं तर दोन एकर केळी मोडतो अन् गवती चहाच लावतो. तू फक्त पाहून सांग, पोरी." मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रकल्पाला विषय हवाच होता.

रीत सोपी. काचेच्या बशीत बुरशी वाढवायची आणि तिच्यावर तेलात भिजवलेल्या टिकलीएवढ्या कागदी चकत्या ठेवायच्या. तेलात दम असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल उरतो. एक चकती कोरी ठेवायची, बिनतेलाची. तिच्याभोवती बुरशी वाढलीच पाहिजे, नाहीतर सगळं मुसळ केरात.

चकत्या निर्जंतुक करायचं कॉलेजचं वाफेचं यंत्र बंद होतं. म्हणून पिंप्राळ्याला घरी, हाताला लागलेला स्टीलचा डबा रिकामा करून मी चकत्या त्यात घातल्या आणि आईच्या कुकरमध्ये वाफवल्या.

तिसऱ्या दिवशी बशीत गोल कसला, मैदान होतं! बुरशी कडेला पाठ लावून उभी. मी प्रयोगशाळेतूनच नानांना फोन केला. संध्याकाळपर्यंत बातमी केळीच्या ट्रकांबरोबर दिल्लीच्या वाटेला लागली होती.

दुसऱ्या दिवशी प्रकल्पाच्या मॅडमनी बशी उजेडात धरली.

"ही कोरी चकती ना? मग हिच्याभोवतीही गोल कसा? बुरशी कागदाला घाबरली का?"

मी उरलेल्या चकत्यांचा डबा उघडला. पुलावाचा वास आला. घरी आईला दाखवला.

"अगं, हा माझा लवंगांचा डबा! लवंगा वाटीत कोणी ओतून ठेवल्या म्हटलं."

सगळ्या ओतल्या गेल्या नव्हत्या. चार-पाच तळाच्या खाचेत अडकल्या होत्या, आणि कुकरने नानांच्या भट्टीचंच काम केलं होतं. वाफेने लवंगांचं तेल सोडवलं आणि कागदात मुरवलं.

नाना फोन उचलेनात. मी पहिल्या एसटीने रावेर गाठलं. शेतात ट्रॅक्टर चालू होता आणि केळीच्या दोन ओळी आडव्या झाल्या होत्या.

"नाना, थांबा! बुरशी मारली ती लवंगेनं."

"कोनाच्या लवंगेनं?"

"तुमच्या बहिणीच्या."

ट्रॅक्टर बंद झाला. "मंग माह्या तेलात काहीच नही?"

"माहीत नाही. परत करून पाहते."

"अन् फोनवर इतकी बोंबलत होती ते?"

मी परतीची एसटी धरली.

या वेळी डबा नवा घेतला. कोऱ्या चकतीभोवती बुरशी दाट वाढली. नानांच्या तेलाभोवती गोल उरला. मी फोन केला.

"गोल आहे. नखाएवढा."

"नखाएवढाच?"

"नखाएवढाच. आणि तोही बशीत. फणीवर काय होईल ते सांगता येत नाही."

इतकं कमी करून मी जन्मात काही सांगितलं नव्हतं.

"मंग त्या मोडलेल्या दोन ओळीतच गवती चहा लावतो," नाना म्हणाले. "बाकीची केळी राहू दे उभी."