कोल्हेबाईंचा वाफा

कोल्हेबाईंचं खरं आडनाव भलतंच होतं, पण ते आता फक्त पगारपत्रकात उरलं होतं. बावीस वर्षं त्या कोल्ह्या-लांडग्यांची विष्ठा तपासत होत्या. दुसरं नाव कुठून मिळणार? जंगलखात्याकडून पिशव्या यायच्या. बाई त्या आठवडाभर कडक थंडीच्या फ्रीजरमध्ये ठेवायच्या, म्हणजे जंतांची अंडी मरतात. मग विष्ठा पाण्यात कालवायची, गाळायची आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. डबा खायला त्यांच्या टेबलावर कोणी बसत नसे. आपण ते मनाला लावून घेत नाही, असं बाई म्हणायच्या.

घरीही त्या एकट्याच. त्यामुळे या हिवाळ्यात मागच्या कुंपणातून एक लंगडा कोल्हा आत यायला लागला, तेव्हा त्यांना कोण आनंद झाला! खाटकाकडून मेंढीच्या काळजाचे, फुप्फुसाचे कच्चे तुकडे आणून त्या त्याला घालू लागल्या. कच्ची आतडी-काळीज कुत्र्यांना घालू नका, त्यातून जंत होतात, ही सूचना त्या दुकानात बाईंच्याच हस्ताक्षरात लावलेली. तिच्याखाली उभं राहून त्या पुडी बांधून घेत. बावीस वर्षांची अक्कल त्यांनी एका लंगड्या पायापुढे खुशाल गहाण टाकली.

मग एका सकाळी मुळ्याच्या वाफ्यात विष्ठा दिसली. बाईंनी सवयीनं हातमोजे चढवले, पिशवी भरली, ऑफिसच्या फ्रीजरमध्ये ठेवली. आठव्या दिवशी काचेखाली फीतकृमीची गोल, जाड सालीची अंडी होती. नेमकी कुठल्या जातीची, ते नुसतं बघून कळत नाही. पण त्यातली एक जात अशी, की अंडं पोटात गेलं तर माणसाच्या यकृतात पाण्याची गाठ धरते आणि ती वर्षानुवर्षं गुपचूप वाढते. बाईंना स्वतःची फिकीर नव्हती. त्यांना काळजी लागली ती शेजारच्या वहिनींची.

बाईंशी रोज दोन शब्द बोलणारं वहिनी हे एकच माणूस. अकरा वर्षं दर रविवारी बाई कुंपणावरून त्यांना मुळ्याची जुडी द्यायच्या, आणि सोमवारी वहिनी न चुकता 'गोड होते हो' म्हणायच्या. आता खरं सांगितलं तर तेवढंही तुटणार होतं. पण न सांगून चालणार नव्हतं.

बाईंनी कुंपणाचं भोक तारेनं बुजवलं आणि वहिनींचं दार वाजवलं. दारातच उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं, खाटकाच्या पुडीसकट. या हिवाळ्यातले मुळे कच्चे खाल्ले असतील तर रक्त तपासून घ्या, हवं तर मी बरोबर येते, म्हणाल्या.

वहिनी दाराच्या कडीशी चाळा करत म्हणाल्या,

"बाई, घाबरू नका. मी ते खाल्लेच नाहीत."

"या हिवाळ्यात?"

"कधीच नाही. तुमचं ते काम... मनच व्हायचं नाही हो. सरळ कचऱ्यात टाकायचे. तुम्ही एवढ्या मायेनं द्यायचात, सांगवलं नाही."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. आणि ते खरोखरच बरं झालं होतं.

आपल्या फाटकाशी आल्यावर मात्र त्यांना रडू कोसळलं. वहिनी वाचल्या म्हणून, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं.