उजेडात ठेवलेले बटाटे

चिमणाबाई येवल्याकडच्या कांद्याच्या घरात वाढल्या. कांदा काढला की पातीखाली सुकवायचा, मग कांदाचाळीत पसरायचा. त्याला वारा लागला पाहिजे, कोंडून ठेवला की तो सडतो. हे त्यांना कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. चालायला कुठे कुणी शिकवतं, तसंच ते.

लग्नानंतर त्या नाशिकला आल्या. कॉलनीत दोन खोल्या, पुढे लोखंडी कठड्याची गॅलरी. नवरा, सावळीराम, कारखान्यात होता. गंगापूर रोडवरच्या एका शाळेत चिमणाबाईंना आयाचं काम लागलं. शाळेचं कुलूप त्यांनाच उघडावं लागे, त्यामुळे सकाळी चुलीपाशी रेंगाळायला वेळ नसे. सगळी भिस्त त्यांनी बटाट्यावर ठेवली. उठल्या उठल्या पातेलंभर बटाटे सालासकट उकडायचे, निथळून टोपलीत घालायचे, वर ओलं फडकं टाकायचं. त्यातल्या थोड्यांना लगेच फोडणी मिळे, ती भाजी सावळीरामच्या डब्यात जाई. दुपारी मुलं शाळेतून आली की हातानेच साल काढून, तिखटमीठ लावून भाकरीशी खात. उरलेले संध्याकाळी कुस्करून रश्श्यात पडत, म्हणजे रस्सा दाट होई आणि सगळ्यांना पुरे.

शेजारच्या फुलाबाई म्हणायच्या, "करुणाच्या आई, तुमच्याकडं पाहुणा आला तरी बटाटा, पाहुणा गेला तरी बटाटा."

"पाहुण्यापेक्षा बरा हाय तो," चिमणाबाई म्हणायच्या. "च्या मागत नाय."

अठ्ठ्याहत्तर साली थंडी सरता सरता बाजारात नवे बटाटे आले. सावळीरामने स्वस्तात अर्धं पोतं आणलं. इतके ताजे की बोट घासलं तर साल निघावी. एवढा माल खराब होऊ नये म्हणून चिमणाबाईंनी त्यांची माती पुसली, गॅलरीत जुनी चटई अंथरली आणि कांद्यासारखे ते एकेरी पसरले. रोज कामावरून आल्या की हलक्या हाताने उलटायच्या. पंधरवड्यात त्यांच्यावर हिरवट झाक चढली. चिमणाबाईंना ती आवडली. जमिनीतून निघूनही अजून कोवळेच आहेत, असं त्यांना वाटलं.

आवळ्याएवढे बारके बटाटे त्या वेगळे काढून ठेवायच्या. धाकट्या लेकीला, करुणाला, ते सालासकट खायला आवडायचे.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. दुपारचं जेवण झालं आणि थोड्या वेळाने करुणा म्हणाली, "आई, घशात टोचतंय." मग तिला उलटी झाली. चिमणाबाईंनी तिचं तोंड धुतलं. पोट रिकामं झालंय, काहीतरी मऊ जावं, म्हणून टोपलीतले आणखी दोन-तीन बटाटे मीठ घालून कुस्करले आणि मांडीवर घेऊन भरवले. करुणा नको म्हणत होती. "खा गं, ताकद येईल," म्हणत त्यांनी शेवटचा घास बोटानं आत लोटला.

त्यानंतर करुणा पोट धरून वाकडीतिकडी होऊ लागली. उलटी थांबेना. हात गार पडले. ओठांभोवती पांढरं दिसू लागलं.

हाक ऐकून फुलाबाई धावत आल्या. पोरीकडे पाहून वळताना त्यांचा पाय गॅलरीतल्या चटईला लागला. त्यांनी वाकून एक बटाटा उचलला, नखानं खरवडला. आतही हिरवाच.

"हे खाल्लं हिनं?"

"सालासकट. का हो?"

"अहो, असा हिरवा बटाटा आम्ही गुरांच्याही पुढं टाकत नाही. विष असतं त्यात."

चिमणाबाईंना गॅलरीतला उजेड एकदम फार झाला. चटईभर बटाटे तसेच पडून होते, नीट, एकमेकांना न टेकता, त्यांनी स्वतः ठेवले होते तसे.

टांग्यात करुणाचं डोकं त्यांच्या खांद्यावर सैल पडलं होतं. त्या सारख्या तिच्या नाकाशी बोट नेत होत्या. मोठी मुलं घरी होती. त्यांनी साल काढून खाल्लं होतं, पण खाल्लं तर होतंच. कारखान्यात यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाचा डबाही त्यांना आठवला. आणि या सगळ्याखाली दुसरी एक भीती होती, आपल्याच हातानं भरवल्याची. तिच्याकडे त्या बघायला तयार नव्हत्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं हिनं?"

"भात," चिमणाबाई म्हणाल्या. "भात आन वरण."

सोबत आलेल्या फुलाबाईंनी चमकून पाहिलं.

डॉक्टर करुणाचं पोट दाबत होते. ती कण्हली, आणि आईकडे बघायला लागली. तिच्या डोळ्यांत तक्रार नव्हती. आई काहीतरी करील, एवढंच होतं.

"भात नाय," त्या म्हणाल्या. "बटाटे. हिरवे झालेले. म्या घातले. वांती झाल्यावर परत घातले."

"कडू लागले असतील. तुम्हाला कळलं नाही?"

"म्या नाय खाल्ले. पोरांना पुरावे म्हणून मी चटणीशीच खाते."

डॉक्टर नर्सला सलाईन आणायला सांगून म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत. आता बघू, पोटात पाणी टिकतंय का."

मग चमच्याने पाणी. एक चमचा, आणि वाट. पहिले सगळे परत आले. दर वेळी करुणाचा गळा हलला की चिमणाबाईंचाही हलायचा. फुलाबाई घरच्या मुलांना बघून आल्या. ती धड होती. सावळीराम कामाच्या कपड्यांतच आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला सगळं कळलं होतं. त्याने रागवावं, असं चिमणाबाईंना वाटत होतं.

उन्हं कलली तेव्हा एक चमचा आत राहिला. मग दुसरा. करुणा झोपली. डॉक्टर म्हणाले, "निभावलं." चिमणाबाईंनी मान हलवली, पण पोरीच्या पोटावरचा हात उचलला नाही.

चटईवरचे बटाटे त्यांनी दुसऱ्या दिवशी खड्डा खणून पुरले, गाईगुरांच्या तोंडी लागू नयेत म्हणून. बटाटा अंधारात ठेवायचा असतो, हे फुलाबाईंनी समजावून सांगितलं. पुढे घरात पुन्हा बटाटे आले, कारण शाळेचं कुलूप वेळेवर उघडावंच लागत होतं. आता पोतं खाटेखाली असे, तोंड बांधलेलं. उकडण्याआधी त्या एकेक बटाटा खिडकीशी नेऊन फिरवून बघत.

तरी पहिला बटाटा त्या स्वतः खात. उंबऱ्यात बसून, सावकाश, जिभेवर घोळवत. मुलं ताटं घेऊन बसलेली असत. करुणा विचारी, "आता देतेस, आई?"

"थांब जरा," चिमणाबाई म्हणत, आणि गळ्यावर हात ठेवून, टोचतंय का ते बघत बसून राहत.