एकशे बारा फॉर्म, थ्रू प्रॉपर चॅनल

भोपाळच्या पिपलानी कॉलनीत भालचंद्र खानझोड्यांची टिंगल करायला फार डोकं लागत नसे. एकदा त्यांच्या क्वार्टरचा नळ गळायला लागला. कारखान्याचा प्लंबर समोरच राहायचा, रोज संध्याकाळी पायरीवर बिडी ओढत बसलेला असायचा. दुसरा कोणी त्याला हाक मारून मोकळा झाला असता. खानझोड्यांनी अर्ज लिहिला, आपल्या सेक्शनच्या साहेबांकडे दिला, साहेबांनी तो पुढे पाठवला आणि नळ तीन आठवडे गळत राहिला. "वहिनी, यांना दुसरा चहा हवा असला तरी अर्ज येतो का हो, थ्रू प्रॉपर चॅनल?" असं मराठी मंडळातले लोक त्यांच्या बायकोला, कमलिनीबाईंना विचारत. भालचंद्ररावही हसत. पस्तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला अशी टिंगल थोडी मानपत्रासारखीच वाटते.

चौऱ्याहत्तर साली नागपूरच्या महालातून एक ट्रंक आणि टायपिंगचं सर्टिफिकेट घेऊन ते भोपाळला आले आणि कारखान्यात चिकटले. आता हेडक्लार्क होते. निवृत्तीला चौदा महिने उरले होते आणि इच्छा एकच उरली होती, दारावरच्या पाटीत नावाखाली 'ऑफिसर' लागावं. सात वर्षं त्यांची फाइल वर जायची आणि काहीतरी शेरा घेऊन खाली यायची. या वेळी ती वर गेली होती आणि अजून खाली आलेली नव्हती. त्यामुळे ते जरा जपूनच चालत होते.

चार वर्षांपूर्वी कमलिनीबाईंच्या छातीत गाठ निघाली होती. कारखान्याच्या इस्पितळाने त्यांना साकेत नगरातल्या डॉ. सुचेता पळसोकरांकडे पाठवलं. एका घराच्या तळमजल्यावर पाच खुर्च्या, एक नर्स आणि डॉक्टरीणबाई, एवढाच कारभार. पण उलटी थांबत नाही म्हणून रविवारी फोन केला तर बाई स्वतः उचलायच्या. कमलिनीबाईंना केमोचं सलाईन लावून त्या समोर बसत आणि वऱ्हाडी पद्धतीची भरली वांगी कशी करायची ते विचारत. त्या खुर्चीतून कमलिनीबाई बऱ्या होऊन उठल्या. हे उपकार भालचंद्रराव विसरले होते असं कोणी म्हणू नये. म्हणूनच पुढचं सगळं अधिक वाईट झालं.

त्या वर्षी जानेवारीत नोटीस निघाली. एक एप्रिलपासून कारखाना आपले कॅन्सरचे पेशंट फक्त मोठ्या, पन्नासाच्या वर खाटा असलेल्या रुग्णालयांत पाठवणार. पाच खुर्च्यांचं केंद्र आपोआपच बाद.

डॉक्टरीणबाई एकट्या काय बोलणार? पण त्यांच्यासारख्या स्वतःचं छोटं केंद्र चालवणाऱ्या डॉक्टरांची एक संघटना होती. सरकारशी, कंपन्यांशी या सगळ्यांच्या वतीने तीच भांडायची. तिने नुकतंच पेशंट आणि त्यांच्या घरच्यांनाही सहयोगी सदस्य करून घ्यायला सुरुवात केली होती. शंभर सदस्य म्हणाले की समिती ऐकते, एक डॉक्टर म्हणाला की त्याचा धंदा दिसतो, असं बाईंचं म्हणणं होतं. कारखान्याची वैद्यकीय समिती पंचवीस फेब्रुवारीला बसणार होती. तिच्यापुढे संघटनेच्या दोन मागण्या होत्या. छोटी केंद्रं यादीत ठेवा, आणि ते जमत नसेल तर ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांना निदान तिथेच पुरे करू द्या.

"खानझोडे, पिपलानीतले सदस्य तुम्ही करा," बाई म्हणाल्या. "लोक तुमच्या कागदावर डोळे मिटून सही करतात. फक्त एक करा. फॉर्मवर दोन्ही मागण्या छापल्या आहेत, तो सगळा गठ्ठा समितीच्या सचिवांच्या हातात द्या. थेट."

भालचंद्रराव हो म्हणाले आणि खरोखर कामाला लागले. कमलिनीबाईंनी तर कमाल केली. संक्रांतीचे दिवस होते, घरोघरी हळदीकुंकू चाललं होतं. त्यांनी वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे वाटले आणि प्रत्येक डब्यात तिळगुळाबरोबर एक फॉर्म घडी करून घातला. मंडळातल्या बायका सह्या घेऊनच परत आल्या. नवऱ्यांच्या, सासऱ्यांच्या, शेजारच्या शर्माजींच्या सुद्धा. मोजले तेव्हा एकशे बारा भरले.

त्यातला एक फॉर्म शोभा बोकड्यांचा होता. बोकडे खाली तळमजल्यावर राहत. नवरा दत्तू फाउंड्रीत, तीन शिफ्टचा माणूस. शोभालाही कॅन्सर होता, केमोची आठ सलाईनं ठरली होती आणि तेव्हा दुसरं चाललं होतं. उजव्या हाताला सुई होती, म्हणून तिने डाव्या हाताने सही केली. ती इतकी वाकडी आली की तिलाच हसू फुटलं. "भाऊजी, ही खोटी सही म्हणून परत पाठवतील हो," ती म्हणाली. "पण जमवा एवढं. दत्तूला रजा नाही आणि मला बस सोसत नाही. इथून मी रिक्षाने दहा मिनिटांत घरी पडते."

"मी स्वतः नेऊन देतो," भालचंद्रराव म्हणाले.

सोळा फेब्रुवारीला जेवणाच्या सुट्टीत ते गठ्ठा पिशवीत घालून निघाले. जिन्यात त्यांच्या सेक्शनचे सक्सेनासाहेब भेटले. साहेब माणूस वाईट नव्हता. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "खानझोडेजी, सुना है अस्पताल वालों के ख़िलाफ़ कुछ दस्तख़त-वस्तख़त चल रहे हैं? देखिए, मुझे कुछ नहीं कहना. बस इतना कि आपकी फ़ाइल इस वक़्त जीएम साहब की टेबल पर है." आणि पान खायला खाली गेला.

भालचंद्रराव स्कूटरवरून इस्पितळाच्या फाटकापर्यंत गेले. सचिवांची खोली फाटकातून दिसत होती, दार उघडं होतं, आत दुसरं कोणी नव्हतं, फक्त सचिव डबा खात बसले होते. वीस पावलं असतील. भालचंद्ररावांनी स्कूटर वळवली.

टेबलाशी येऊन त्यांनी कोरा कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात कव्हरिंग लेटर लिहिलं. माननीय सचिव, वैद्यकीय समिती. संलग्न एकशे बारा फॉर्म. वर डाव्या कोपऱ्यात 'थ्रू प्रॉपर चॅनल'. हे तीन शब्द त्यांनी आयुष्यात हजारदा लिहिले होते. त्या दिवशी पहिल्यांदा ते त्यांनी लपायला वापरले. सक्सेनासाहेबांनी हसून 'अग्रेषित' अशी सही मारली, म्हणजे पुढे पाठवलं. गठ्ठा पर्सोनेल विभागात गेला, तिथून कल्याण अधिकाऱ्याकडे, तिथून आणखी कुठे. किती दिवस लागतात ते भालचंद्ररावांपेक्षा कोणाला ठाऊक असणार? पंधरा. समिती नवव्या दिवशी बसणार होती. तरी कोणीतरी मध्येच घाई करेल, असं ते स्वतःला सांगत राहिले.

गठ्ठा तीन मार्चला सचिवांकडे पोचला. समिती बसून, उठून, चहा पिऊन मोकळी झाली होती. छोटी केंद्रं बाद झाली. बाईंनी सचिवांना फोन केला तेव्हा ते हळहळले. मोठा प्रश्न आपल्या हातात नव्हता, पण चालू उपचारांची सवलत समिती सहज देणार होती, म्हणाले, फक्त कर्मचाऱ्यांकडून मागणीच आली नव्हती. आता पुढची बैठक ऑगस्टमध्ये.

भालचंद्रराव तोंड लपवत बाईंकडे गेले. शिव्या खायची तयारी करून गेले होते. बाईंनी कपाळाला हात लावला आणि मग हसल्याच. "खानझोडे, तुम्ही पण ना! सवय जात नाही हो माणसाची. माझीच चूक, मी सोबत यायला हवं होतं." मंडळात तर हा वर्षाचा विनोद झाला. नळ गळाला तसे फॉर्म गळाले, असं कोणी म्हणालं. दत्तू बोकडेही कसनुसा हसला आणि म्हणाला, "दादा, तुम्ही मुद्दाम थोडंच केलं?"

सगळ्या कॉलनीने त्यांना एक सबब दिली होती, तीही त्यांच्याच अंगच्या गुणाची, आणि त्यांनी ती पांघरून घेतली. चोरी केलेल्या माणसाला लोकांनी विसरभोळा म्हणावं आणि त्याने मान डोलवावी, असा तो प्रकार होता. त्यांना स्वतःची लाज वाटत होती. पण लाज वाटणं आणि तोंड उघडणं यांत बरंच अंतर असतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ऑर्डर आली. भालचंद्र खानझोडे, ऑफिसर. कमलिनीबाईंनी पितळी पाटी करून आणली. भालचंद्ररावांनी ती कपाटामागे ठेवली आणि खिळा मिळत नाही असं सांगितलं.

शोभाची पाच सलाईनं साकेत नगरात झाली होती, तीन राहिली होती. बाईंनी आपली फी सोडली असती, पण औषध मात्र कारखान्याच्या चिठ्ठीवरच मिळे आणि चिठ्ठी आता तलावापलीकडच्या मोठ्या रुग्णालयाची निघे. सहाव्याला दत्तूने बिनपगारी रजा घेतली. दोन मिनीबस बदलून गेले, चार तास रांगेत बसले. येताना शोभाला बसमध्ये उलटी झाली आणि कंडक्टरने दोघांना निम्म्या वाटेवर, अशोका गार्डनच्या आधीच उतरवलं. तिथे ती तास-दोन तास एका दुकानाच्या पायरीवर बसून होती. घरी आल्यावर दत्तूला म्हणाली की पुरे, आता मी जात नाही.

हे ऐकून भालचंद्रराव खाली गेले. "पुढच्या वेळी मी नेतो. तपासणीलाही मीच नेतो," म्हणाले. शोभा नको नको म्हणत तयार झाली.

मग ते नेऊ लागले. रक्त तपासायला नेलं, रिपोर्ट दाखवायला नेलं, सातव्या सलाईनला सकाळी साडेसहाला नेलं. स्कूटर एवढी हळू चालवायचे की मागची सायकल पुढे जायची. रांगेत स्वतः उभे राहायचे, तिला पंख्याखाली बसवायचे. कॉलनीत त्यांचं नाव झालं. शोभाची आई गोंदियाहून आली होती, तिने तर त्यांना वाकून नमस्कार केला. भालचंद्ररावांनी पाय मागे घेतले आणि रात्री ते जेवले नाहीत.

सातव्या सलाईनच्या दिवशी दुपारी परत आले तेव्हा मे महिन्याचं ऊन होतं. शोभाला दम लागला म्हणून ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर टेकली. भालचंद्ररावांनी पाणी आणून दिलं. डोक्यावरचा रुमाल सारखा करत ती म्हणाली, "भाऊजी, सख्खा भाऊ केला नसता एवढं करताय. मागच्या जन्मीचं काही देणं असेल तुमचं."

ते त्यांना सोसलं नाही. "या जन्मीचं आहे," ते म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं. जिन्यात भेटलेले साहेब, इस्पितळाचं फाटक, डबा खाणारे सचिव, वळवलेली स्कूटर. "सवय नव्हती ती, शोभाताई. मला कळत होतं. मी घाबरलो. ऑफिसर व्हायचं होतं."

सांगताना त्यांना खरोखर हलकं वाटत होतं. तीन महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतल्यासारखं झालं.

शोभाने पेल्यातल्या पाण्याकडे बघत विचारलं, "हे मला कशाला सांगितलंत?"

"लपवणं बरं नव्हतं."

"कोणाला बरं नव्हतं?"

शोभा रागावून बोलत नव्हती, आणि तेच भालचंद्ररावांना ऐकवत नव्हतं. "चूक झाली म्हणून मी सोडून दिलं होतं, भाऊजी. चुकणाऱ्या माणसावर काय रागवायचं? बसमधून उतरवलं त्या दिवशीसुद्धा मी तुम्हाला एक शब्द बोलले नाही, मनातसुद्धा. आता मी माझं दुखणं सांभाळू, की तुमचं हे सांभाळू?" तिने पेला पायरीवर ठेवला, कठड्याला धरून उठली आणि दार लोटून आत गेली.

एक सलाईन राहिलं होतं. त्या दिवशी सकाळी सव्वासहालाच भालचंद्ररावांनी स्कूटर पुसली, सीटवर उशी बांधली आणि ते दारात उभे राहिले. साडेसहाला बोकड्यांचं दार उघडलं. आधी दत्तू बाहेर आला, हातात पाण्याची बाटली आणि उलटी झाली तर म्हणून एक रिकामा डबा. मागून शोभा आली. तिने भालचंद्ररावांकडे पाहून मान हलवली, रोज भेटणाऱ्या शेजाऱ्याला हलवतात तशी, आणि दत्तूचा हात धरून मिनीबसच्या स्टॉपकडे चालू लागली. वीस पावलांवर तिला थांबावं लागलं. भालचंद्रराव पुढे झाले, तशी तिने मागे न बघता हातानेच नको म्हटलं.

वर गॅलरीत कमलिनीबाई तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांनी खाली वाकून विचारलं, "अहो, शोभा चालत का निघाली? तुम्ही नेणार होतात ना?"

भालचंद्ररावांनी वर पाहिलं; बायकोला त्यांनी अजून काहीच सांगितलं नव्हतं. मग ते सीटवरची उशी सोडू लागले, तेव्हा कमलिनीबाईंनी तांब्या ठेवला आणि त्या जिना उतरू लागल्या.