छत कापायचं की नाही

उघड्या टपाची छोटी गाडी रस्त्यात दिसली की माझं डोकं आजही फिरतं. साधी गाडी असेल तर एक वेळ चालेल. पण शर्यतीत नाव काढलेली कंपनी आपल्याच चपळ गाडीचं छत उडवून, वर कापडाची घडी बसवून ती विकायला काढते तेव्हा मला तिची लाज वाटते. हे घरात बोललो की बायको ताट पुढे सरकवत म्हणते, "तुम्ही तर बोलूच नका. हॅक्सॉ कोणाच्या हातात होता?" पत्रा कापायचा तो हॅक्सॉ माझ्याच हातात होता, म्हणून मी पुढची भाकरी मोडतो.

जव्हारहून मोखाड्याकडे निघालं की गाव संपता संपता आमचं वर्कशॉप होतं. अब्बा पत्र्याचं काम करायचे. ठोकलेल्या, चेमटलेल्या गाड्या सरळ करायचे. माझा थोरला भाई जीपवरचं कॅनव्हासचं हूड, म्हणजे कापडी छत, शिवायचा आणि मी इंजिनाखाली झोपलेला असायचो. गिऱ्हाईक बहुतेक जीपवाले. खोडाळा, पोशेरा, वांगणी अशा गावांना माणसं कोंबून नेणाऱ्या त्या जीप. आमच्या पावसात कुठलंही हूड दोन वर्षांच्या वर टिकत नाही, त्यामुळे मे महिन्यात भाईला मान वर करायला सवड नसायची. आमच्या घरात गाडी म्हणजे जीप, आणि जीप म्हणजे खाली सगळा भार पेलणारी भक्कम लोखंडी चेसी आणि वर वाटेल ते. ही समजूत लक्षात ठेवावी, पुढे तिनेच आमचा घात केला.

नव्वदच्या दशकात शहरातला एक हौशी माणूस आपली लहानशी विलायती गाडी घेऊन घाटात जोर दाखवायला आला आणि एका वळणावर उलटा झाला. त्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. गाडी मात्र छतावर पडून घसरत गेली होती. दोन दारांची, बुटकी, मागे लाल अक्षरं लावलेली. ती अक्षरं कंपनी फक्त शर्यतीच्या घराण्यातल्या गाड्यांना देते, हे मला रद्दीतून आणलेल्या इंग्रजी मोटार मासिकांमुळे ठाऊक होतं. मी अक्षरशः धावत गेलो. त्या माणसाला ती डोळ्यांसमोर नको होती, त्याने भंगाराच्या भावात मला देऊन टाकली.

इंजिन मी तीन आठवड्यांत बोलतं केलं. खरं काम छताचं होतं. ते आत, सीटच्या पाठीपर्यंत आलं होतं. नवा पत्रा कुठून मिळणार? भाई म्हणाला, पुट्टी भरून टाकू. अब्बांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुट्टीला ते तोंडावरची पावडर म्हणायचे. ज्याला ठोकता येत नाही त्याने ती फासावी, असं त्यांचं मत होतं.

भात झोडून झालं तेव्हा त्यांनी सुरुवात केली आणि होळी आली तरी त्यांचं ठोकणं चालू होतं. वरून हातोडी, खालून लोखंडी ठोकळा. मोठे ठोके नाहीत, टकटक नुसती. मधूनच थांबायचे, पंजावर मऊ फडका घ्यायचे, डोळे मिटायचे आणि हात फिरवायचे. त्यांची कामाची एक शेवटची परीक्षा होती, ती आजूबाजूच्या कुठल्याच वर्कशॉपमध्ये मी पाहिली नाही. काम झालं असं वाटलं की ते मगभर पाणी पत्र्यावर सोडायचे आणि ते कसं वाहतं ते बघायचे. पाणी क्षणभर जरी अडखळलं तरी तिथे खळगा आहे असं समजून पुन्हा ठोकायला बसायचे. त्या छतावर त्यांनी किती मग ओतले असतील देव जाणे. शेवटी एका दुपारी पाणी सरळ ओघळत गेलं. अब्बा "हं" म्हणाले आणि चहा मागितला. त्यानंतर वयाने त्यांचा हात थरथरायला लागला आणि एवढं मोठं काम त्यांनी पुन्हा घेतलं नाही.

मी ती गाडी पाच-सहा वर्षं चालवली. मोखाड्याच्या वळणांवर ती रस्ता सोडत नसे. जीपवाले हसायचे. पोशेऱ्याचा एक जीपवाला तिच्यात एकदा कसाबसा बसला आणि म्हणाला, "यात बसायचा त कसा? गुडघं कानाला लागतात. ना पोती जाईत, ना माणसा." मी त्याला खोडाळ्यापर्यंत नेऊन आणलं. परत आल्यावर तो गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "गाडी नाय ही. मांजर हाय." माझ्यासाठी तेवढं प्रशस्तिपत्र पुरे होतं.

मग भाईच्या डोक्यात लग्नाच्या वरातींचं खूळ शिरलं. आमच्याकडे वरातीला जीपचं हूड काढतात आणि नवरदेवाला उभा करून गावभर मिरवतात. भाईला वाटलं, एवढी देखणी छोटी गाडी घरात आहे, हिचं छत काढून वर उघडझाप करणारं हूड शिवलं तर जव्हारपासून मोखाड्यापर्यंत प्रत्येक नवरदेव हीच मागेल.

मी भडकलो. "ही शर्यतीची गाडी आहे. हिच्या कंपनीने डोंगरातल्या शर्यती जिंकल्यात. ती कंपनी स्वतः असला चावटपणा कधी करणार नाही."

"कंपनी काय करते ते मला नको सांगू," भाई म्हणाला.

पण मी सांगत राहिलो. रोज. जेवताना, गाडीखाली काम करताना, नमाजाहून येताना. शर्यतीची गाडी म्हणजे आवळलेली मूठ, ती उघडली की तिच्यात राहिलं काय? वारा खायला बाहेर पडणाऱ्यांसाठी दुसऱ्या गाड्या आहेत. ज्यांनी नाव कमावलं त्यांच्या नावाला तरी जपा. मी तिथे त्या कंपनीचा वकीलच झालो होतो, आणि कंपनीला जव्हार कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं. अब्बा दाराशी खुर्ची टाकून बसलेले असायचे. ते ऐकायचे.

एक दिवस भाई माझ्याच रद्दीच्या गठ्ठ्यातला एक अंक घेऊन आला आणि माझ्या छातीवर आपटला. आत दोन पानं भरून चित्र होतं. तीच कंपनी, तीच छोटी गाडी, मागे तीच लाल अक्षरं. छत नव्हतं. वर काळ्या कापडाची घडी आणि शेजारी हसणारी बाई.

"आता बोल," भाई म्हणाला. "कंपनीनेच कापलं. आणि हे बघ." त्याने पान उलटलं. तिथे कंपनीच्या अगदी पहिल्या शर्यतीच्या गाड्यांचे जुने फोटो होते. एकालाही छत नव्हतं. चष्मे लावलेली माणसं धूळ खात उघड्यावर बसली होती. "तुझं ते खानदान. सगळं उघडंच आहे की."

काय सांगू, त्या क्षणी मला भाईचा जेवढा राग आला त्याच्या दसपट त्या कंपनीचा आला. मी इथे डोंगरात बसून तिच्यासाठी घरात भांडतोय, आणि तिने केव्हाच दुकान मांडलंय. फोटोतल्या जुन्या गाड्यांना छत नव्हतं कारण तेव्हा वजन वाचवायचं होतं, आणि आता छत काढलं ते मिरवायला, हा फरक मला दिसत होता. पण तो भाईला सांगण्याऐवजी मी अंक उचलून कोपऱ्यात भिरकावला. त्यातला मजकूर एक ओळही वाचला नाही.

भाई मऊ आवाजात म्हणाला, "माझं काम दोन पावसांत फाटतं. मला एक तरी गोष्ट करू दे जी लोक वळून बघतील." मी अब्बांकडे बघितलं. मला वाटलं होतं, ते आता तरी नाही म्हणतील.

अब्बा म्हणाले, "काप."

मी विचारलं, "अब्बा, तुम्ही सांगताय?"

"कंपनीने कापलं ना? मग तू कशाला अडून बसलायस? काप."

मी इतका चिडलो की सांगता सोय नाही. निदान दुसऱ्या कोणाच्या हातून वेडंवाकडं होऊ नये म्हणून हॅक्सॉ मीच घेतला. सकाळी सुरुवात केली. आतलं कापड सोडवलं तेव्हा छताची खालची बाजू दिसली. ठोकळ्याच्या खुणा, हजारो, एकमेकींना चिकटलेल्या. मी ब्लेड चालवत राहिलो. अब्बा खुर्ची उचलून मागच्या बाजूला गेले. दुपारपर्यंत छत सुटलं. मी आणि भाईने ते दोन टोकांना धरून भिंतीला टेकवलं.

भाईने हूड खरंच सुंदर केलं होतं. पायपांचा सांगाडा, दुहेरी शिलाई, एका हाताने मागे पडणारी घडी. त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम असेल. दुसऱ्या दिवशी आम्ही ते बसवलं, आणि डाव्या बाजूचं दार लागेना. बिजागरी सरकवली. मग उजवं लागेना. मी म्हटलं, पत्रा गरम होऊन फुगला असेल. भाई म्हणाला, दाबून लाव. दाबून लावलं आणि मोखाड्याच्या रस्त्याला निघालो. पोशेऱ्याच्या अलीकडे एका खड्ड्यात चाक गेलं आणि पुढची काच या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडकली. दोन्ही दारं आपोआप उघडली. उतरून बाजूने बघितलं तर गाडी मधोमध खाली बसली होती.

त्या जागेवर उभं राहून मला कळलं की आम्ही जीपवाल्यांची चूक केली. जीपला खाली चेसी असते, वर छत ठेवा नाहीतर नको. या गाडीला वेगळी चेसी नव्हतीच. अख्खा पत्र्याचा डबा हीच तिची चेसी, आणि छत त्या डब्याचा भाग. आयुष्यभर हूड काढत-घालत आलेल्या आम्हा तिघांना छत म्हणजे झाकण वाटलं. घरी येऊन मी कोपऱ्यातला तो अंक शोधला आणि चित्राखालचा मजकूर अखेर वाचला. कंपनीने छत काढण्याआधी खालून जाड पट्ट्या घातल्या होत्या, काचेची चौकट बळकट केली होती, आणि त्यापायी गाडी जड होऊन मंदावली आहे, असं लिहिणाऱ्याने स्पष्ट म्हटलं होतं. म्हणजे माझंच बरोबर होतं! कंपनीने स्वतःची गाडी खरंच बिघडवली होती. फक्त तिने ती नीट बिघडवली, आणि आम्ही अडाण्यासारखी. आता हे बरोबर असणं घेऊन मी काय करणार होतो?

गाडी पुन्हा धड झाली नाही. पट्ट्या जोडून बघितल्या, ती आणखी वाकडी झाली. इंजिन काढून विकलं. भाईचं हूड त्याने स्वतः उसवलं आणि कापड जीपला वापरलं. त्याबद्दल आम्ही दोघं कधी भांडलो नाही, आणि ते भांडण्यापेक्षा वाईट होतं.

छत मात्र अब्बांनी कोणाला भंगारात देऊ दिलं नाही. वर्कशॉपच्या मागे सरपण रचलेलं असायचं, त्याच्यावर त्यांनी ते उताराला घातलं. दोन पावसाळे गेले. एका श्रावणातल्या दुपारी अम्मीने लाकडं आणायला पाठवलं म्हणून मी मागे गेलो. सर येऊन गेली होती आणि बारीक भुरभुर चालू होती. अब्बा वळचणीला उभे होते, छताकडे बघत.

"बघ," ते म्हणाले, "कुठे थांबतं का."

पाणी कुठेच थांबत नव्हतं. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ जात होतं. गाडीत असताना आतल्या कापडाने झाकलेलं ते सगळं काम आता कडेने डोकावत होतं, ठोक्याला ठोका लागलेलं. मी म्हणालो, "अब्बा, मला हे कापायचं नव्हतं. हे तुम्ही केलं होतं म्हणून."

ते माझ्याकडे वळले. एवढं रागावलेलं मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं.

"मग तेव्हा दातखीळ बसली होती? सहा महिने नुसतं कंपनी, कंपनी. कंपनीची शर्यत, कंपनीचं नाव. त्या छतात कंपनीचं राहिलं होतं काय? मी रोज दारात बसून वाट बघायचो, हा पोरगा एकदा तरी म्हणेल, अब्बांनी केलंय, हात लावू नका. तू नाही म्हणालास. म्हणून म्हटलं, काप."

ते भिंतीचा आधार घेत आत गेले. मी वाकून छताखालून लाकडं ओढली. आठवडाभर पाऊस पडत होता, तरी सगळी कोरडी ठाक होती.