रेडिओच्या वहीतली हजेरी

चंद्रकांतेनं तेरा वर्षं एकच गोष्ट मनात धरली होती. वासुदेवराव गुरुजींचं नाक कापायचं! लोक म्हणतात, राग विसरावा. विसरावा त्यांनी, ज्यांनी फोकाचा मार खाल्ला नाही.

झालं असं. बहात्तर साली सानगडीकडच्या तिच्या गावच्या शाळेला सरकारी रेडिओ मिळाला. पोरांनी दर मंगळवारी त्यावर शिक्षणाचा कार्यक्रम ऐकायचा होता. गुरुजींनी तो उचलला नि आपल्या घरी गाणी ऐकायला ठेवला. गावानं विचारलं, तर म्हणाले, "सुखरामच्या चंद्रीनं पाडून फोडला." सातवीतल्या पोरीचं नाव शाळेतून कापलं. सुखराम तिचा बाप. गुरुजींचा शब्द त्याला देवाचा. त्यानं चावडीसमोर पोरीला फोकानं झोडपलं नि धानाच्या रोवण्याला, भात लावायला धाडलं. "मी नाई फोडला, बाबा," ती रडून रडून सांगत होती. ऐकतो कोण!

दोन वर्षं चिखलात गेल्यावर लाखनीच्या मामानं तिला नेऊन शिकवलं. पंच्याऐंशीत ती नागपूरला एम.एड. करत होती. प्रबंधाला विषय घेतला, खेड्यातल्या शाळांत रेडिओचा उपयोग. सरांना वाटलं, काय अभ्यासू पोरगी! अभ्यासू कसली, शिकारीला निघाली होती.

गावच्या शाळेत तिला आलेली पाहून गुरुजी चपापले; पण प्रबंधात आपली शाळा येणार म्हटल्यावर फुलले. रेडिओची नोंदवही त्यांनी स्वतःच काढून दिली. तिनं बहात्तरचं पान उघडलं. फुटलेला रेडिओ दर मंगळवारी वाजत होता, गुरुजींच्याच अक्षरात! तपासणीच्या साहेबांना दाखवायला जुन्या यादीवरून पोरांची नावं उतरवलेली. कुणाचं नाव कापलंय, एवढंही लेकाच्याला भान नव्हतं. तिचं नाव कापल्यावर महिन्याभरानं, पोळ्यानंतरच्या मंगळवारी लिहिलं होतं, "कु. चंद्रकांता सुखराम हिने उत्तम उत्तरे दिली."

बाप्पा! तिला हसावं की ओरडावं कळेना. तिनं पान जसंच्या तसं उतरवलं. 'खरी नक्कल' म्हणून गुरुजींनी न वाचताच सही केली, शिक्का मारला.

"चला न जी घरी. बाबा तुमची लय आठवण काढते."

गुरुजी ऐटीत आले. ओसरीवर म्हातारा सुखराम बसला होता, शेजारीही जमले. चंद्रकांतेनं कागद गुरुजींच्या हातात दिला. "बाबाले वाचता येत नाई. तुमीच वाचा, मोठ्यानं."

गुरुजींनी कागदावर नजर टाकली नि त्यांचं तोंड उतरलं. "चंद्रे, जाऊ दे न बाई. माह्या पेन्शनीले आठच महिने रायले."

"माही सातवी व्हायले बी आठच महिने रायले होते. वाचा!"

गुरुजींनी वाचलं. तारीख, रेडिओ, पोरीचं नाव, उत्तम उत्तरे. चंद्रकांता मात्र बापाकडे पाहत होती. तिचा सूड एकट्या गुरुजींवर नव्हता.

सुखरामनं आपला उजवा हात मांडीखाली दाबून धरला.

"पुन्हा वाचा, गुरुजी," तो म्हणाला. "तवा मी आयकलं नाई."